मावळतीचे धुके आणि ओहोटीची तिथी

समुद्रावरचा सूर्यास्त हा आपल्याकडे सर्वाधिक टिपला जाणारा आणि तरीही सर्वाधिक निराशा पदरी पाडणारा छायाचित्रविषय आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. सुटीत कोकणात जाऊन आलेल्या कोणत्याही कुटुंबाच्या मोबाइलमध्ये अशी वीस-पंचवीस छायाचित्रे सापडतात. त्यांत मध्यभागी एक पांढरट ठिपका असतो, खाली राखाडी पट्टा, आणि खडक म्हणून जे दिसते ते केवळ काळे डाग. ‘प्रत्यक्षात फार सुंदर होतं हो, धुक्यामुळे फोटो आला नाही,’ हे वाक्य सोबत ठरलेले. या वाक्यातील धुके हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी जे दिसते ते बहुतेक वेळा धुके नसतेच, आणि ते काय असते हे कळल्याखेरीज छायाचित्र साधत नाही.

माझे मूळ गाव नांदूरघाट. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले. तेथून सरळ रेषेत मोजले तरी समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. धुके मात्र आम्हाला परके नाही. हिवाळ्यात, विशेषतः उशिरापर्यंत पाऊस झालेल्या वर्षी, पहाटे ज्वारीच्या रानावर आणि ओढ्याकाठी धुके उतरते. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्यालगतची हवा गार होते आणि हवेतील बाष्पाचे बारीक थेंब बनतात. ऊन चढले की नऊ-साडेनऊपर्यंत सारे विरून जाते. हवामानशास्त्राच्या व्याख्येनुसार एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले तरच त्याला धुके म्हणायचे. असे धुके कोकणातही हिवाळ्याच्या पहाटे खाड्यांवर आणि भातखाचरांवर दिसते. परंतु दिवसभर तापलेल्या किनाऱ्यावर संध्याकाळी सहा वाजता ते टिकून राहील, हे संभवत नाही.

काही वर्षांपूर्वी गावाकडचे माझे थोरले मामा जानेवारीत माझ्याबरोबर हरिहरेश्वरला आले. वयाची पासष्टी ओलांडेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ‘बुडता सूर्य बघायचा, आणि त्याचा एक मोठा फोटो घरात लावायचा,’ एवढीच त्यांची इच्छा. कॅमेरा माझ्याकडे चांगला होता, हौसही होती. त्या संध्याकाळी मी चाळीसेक छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहतो तो एकही भिंतीवर लावण्याच्या लायकीचे नाही. सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीच राखाडी पडद्यात विरघळला होता. वर भिंगावर मिठाचा थर बसून प्रत्येक चित्रावर दुधी झाक आली होती. मामा काही बोलले नाहीत. मीच धुक्याला दोष दिला.

या चुकीचे मूळ आपण ज्या पुस्तकांतून आणि धड्यांतून छायाचित्रण शिकतो, त्यांत आहे. खडकाळ किनारा, मावळता सूर्य आणि धुके हा विषय प्रसिद्ध झाला तो मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यामुळे. एडवर्ड वेस्टन यांनी १९२९पासून तेथील पॉइंट लोबोस या भूशिराची छायाचित्रे काढली आणि पुढील कित्येक पिढ्यांनी तोच आदर्श मानला. तेथे धुके खरेच असते. उन्हाळ्यातही तेथील समुद्राचे पाणी बारा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास असते, कारण थंड प्रवाह आणि खोलातून वर येणारे गार पाणी किनाऱ्यालगत वाहते. त्यावरून सरकणारी दमट हवा गार होऊन तिचे धुके बनते आणि ते दुपारी वा संध्याकाळी सरळ किनाऱ्यावर चाल करून येते. आपल्या अरबी समुद्राच्याच पलीकडच्या काठावर, ओमानमधील सलाला परिसरात, जून ते सप्टेंबर असेच घडते. नैऋत्य मोसमी वारे तेथे किनाऱ्यालगतचे पाणी ढवळून खालचे थंड पाणी वर आणतात आणि वाळवंटी डोंगर धुक्याने व हिरवळीने झाकले जातात. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी वर्षभर पंचवीस ते तीस अंशांच्या घरात असते. या कोमट पाण्यावर तसे धुके धरणार कसे? म्हणून परदेशी धडे येथे जसेच्या तसे वापरले की फसगत होते.

मग आपल्याकडे दिसते ते काय? एक नव्हे, तीन वेगळ्या गोष्टी.

पहिली म्हणजे धुरके. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा बराच काळ जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि देशावरची धूळ, शेकोट्यांचा, वणव्यांचा, कारखान्यांचा व वाहनांचा धूर समुद्रावर नेऊन पसरतो. कधी ती धूळ फार दुरूनही येते. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकले होते आणि उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला होता, हे अनेकांना आठवत असेल. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट अधिक हवेतून वाट काढत आपल्यापर्यंत येतो. त्या वाटेत सूक्ष्म कण निळा प्रकाश इतस्ततः विखुरतात आणि तांबडा तेवढा पुढे येतो. धुरके विरळ असेल तर सूर्य लालबुंद तबकडीसारखा दिसतो. दाट असेल तर तो क्षितिजाच्या बराच वर असतानाच दिसेनासा होतो. आमच्या त्या पहिल्या संध्याकाळी घडले ते हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे खारे तुषार. लाट खडकावर फुटली की पाण्याचे असंख्य कण हवेत उडतात. मोठे थेंब खाली पडतात, बारीक थेंबांतले पाणी उडून जाते आणि मिठाचा कण हवेत तरंगत राहतो. त्या कणाचा एक गुण छायाचित्रकाराने पक्का लक्षात ठेवावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ भोवतालची वाफ शोषून पाझरू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ ओले होते, तोच प्रकार. दुपारी कोरडे असलेले हे कण संध्याकाळी हवा गार होऊन आर्द्रता वाढली की फुगतात, आणि तासाभरापूर्वी स्वच्छ दिसणारा किनारा सूर्यास्तालाच धूसर होतो. हा पडदा किनाऱ्यालगत, पुरुषभर उंचीपासून कड्याच्या माथ्यापर्यंत असतो आणि मागून प्रकाश आला की सोन्यासारखा उजळतो. माझ्या मते कोकणातला सर्वांत सुंदर ‘धुक्याचा’ प्रकार हाच. कड्यावर दहा-पंधरा मीटर वर चढून पाहिले तर तो विरळ होतो, आणि खाली वाकून खडकाच्या पातळीवर आले तर दाट होतो. एकाच जागी उभे राहून सारी छायाचित्रे काढणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

तिसरी म्हणजे पावसाळी वाफ आणि खाली उतरलेले ढग. जून ते सप्टेंबर हे दृश्य विलक्षण असते, पण त्या काळात सूर्यास्त दिसणे हा योगायोग आणि खडकांवर उतरणे हा आततायीपणा. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

याशिवाय एक चौथे धुके आहे. ते निसर्ग नव्हे, कॅमेरा तयार करतो. काळ्या खडकांभोवती दुधासारखे धुके वाहते आहे, अशी छायाचित्रे प्रदर्शनांत आणि दिनदर्शिकांवर आपण पाहतो. त्यांतील बहुतेकांत धुके नसून फुटणाऱ्या लाटा असतात. कॅमेऱ्याचा पडदा तीस सेकंद ते दोन मिनिटे उघडा ठेवला की वर-खाली होणारे पाणी एकमेकांत मिसळून वाफेसारखे दिसते. भर उजेडात इतका वेळ पडदा उघडा ठेवण्यासाठी भिंगापुढे गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावी लागते. यात गैर काही नाही. तथापि अशी चित्रे पाहून किनाऱ्यावर धुके शोधत हिंडणाऱ्या नवशिक्यांची मला दया येते. मीही त्यांतलाच होतो.

समोर कोणता पडदा आहे हे ओळखल्यावर तंत्राचे निर्णय सोपे होतात. दाट धुरक्यात सूर्याचा हट्ट सोडावा आणि बाजूला पाहावे. हिवाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तो आपल्या अक्षांशावर पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. हरिहरेश्वरच्या टोकावरून दक्षिणेकडे पाहिले तर सावित्री नदीच्या मुखापलीकडे बाणकोट आणि वेळासच्या बाजूचे डोंगर एकामागे एक दिसतात. धुरक्यात जवळचा डोंगर गडद, त्यामागचा फिका, त्याच्याही मागचा केवळ रेषेपुरता उरतो. हेच धुरके स्वच्छ हवेत न मिळणारी खोली चित्राला देते. लांब पल्ल्याचे भिंग येथे उपयोगी पडते, कारण ते हे थर एकमेकांजवळ आणते. नौदलात छायाचित्रकार राहिलेले गोपाळ बोधे (त्यांचे २०१४ साली निधन झाले) यांनी देशाची किनारपट्टी आणि दीपगृहे हवेतून टिपली. हेलिकॉप्टरमधून पडद्याच्या वर जाता येते. जमिनीवरच्या माणसाला त्या पडद्याचाच उपयोग करून घ्यावा लागतो.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. उजळ धूसरता समोर आली की तो फसतो आणि चित्र काळवंडते. सूर्य चौकटीत नसेल तर मापकाने सांगितल्यापेक्षा पाऊण ते एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. सूर्य चौकटीत असेल तर त्याच्या बाजूच्या आकाशावरून माप घ्यावे, आणि खडकांतील तपशील हवा असेल तर कमी-अधिक प्रकाशाची तीन छायाचित्रे घ्यावीत. स्वयंचलित ‘व्हाइट बॅलन्स’ बंद करून ‘डेलाइट’वर ठेवावा, अन्यथा ज्या केशरी रंगासाठी आपण आलो, तोच रंग दोष समजून कॅमेरा पुसून टाकतो. धूसर दृश्यात स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो, म्हणून तो जवळच्या खडकाच्या कडेवर धरून हाताने पक्का करावा. छिद्र एफ ८ ते एफ ११, आयएसओ १००, आणि ट्रायपॉड. परतणारे पाणी खडकांच्या खाचांतून ओघळताना पाव ते एक सेकंदात पांढरे धागे दिसतात. लाटेचा उसळता फवारा गोठवायचा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग. मोबाइलवाल्यांनी निदान एवढे करावे, की पडद्यावर सूर्याशेजारच्या उजळ भागाला स्पर्श करून प्रकाश तेथे कुलूपबंद करावा. आणखी एक सावधगिरी. आरशाच्या कॅमेऱ्याच्या दर्शिकेतून, विशेषतः लांब भिंगातून, तळपत्या सूर्याकडे डोळा लावू नये.

वातानुकूलित गाडीतून वा खोलीतून काढलेल्या गार भिंगावर किनाऱ्याची दमट हवा लागताच दव धरते. हे पाचवे धुके म्हणायला हरकत नाही! कॅमेरा पिशवीतच ठेवून अर्धा तास बाहेर राहू दिला की ते टळते. मीठ बसलेले भिंग कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे पडतात. गोड्या पाण्याने किंचित ओल्या केलेल्या मऊ कापडाने आधी मीठ विरघळवून टिपावे. लाटेजवळ उभे असाल तर हे दर पाच-दहा मिनिटांनी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सूर्य बुडताच सामान आवरणे. वातावरणाच्या वक्रीभवनामुळे सूर्याचे बिंब प्रत्यक्ष जागेपेक्षा अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वर दिसते. म्हणजे क्षितिजावर टेकलेला म्हणून आपण जो सूर्य पाहतो, तो भूमितीच्या हिशेबाने आधीच खाली गेलेला असतो. बिंब बुडायला दोन-सव्वादोन मिनिटे लागतात. त्यानंतर आपल्याकडे वीस-बावीस मिनिटे संधिप्रकाश पुरतो. त्यातील पहिली दहा-बारा मिनिटे खऱ्या कमाईची. डोळे दिपवणारा प्रकाश गेलेला असतो, वरच्या धुरक्यावर खालून तांबूस उजेड पडतो, आणि काळ्या खडकांतल्या डबक्यांत तो उतरतो. चौपाटीवरची गर्दी तेव्हा भेळेच्या गाड्यांकडे वळलेली असते.

या अंधुक मिनिटांसाठी खडकावर थांबायचे, तर पाण्याचे गणित पक्के हवे. येथे प्रश्न छायाचित्राचा उरत नाही, जिवाचा होतो.

हरिहरेश्वरचा किनारा काळ्या बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून दख्खनचे पठार घडले, त्याचाच हा समुद्रात उतरलेला पदर. मामांनी खडकावर हात फिरवून म्हटले होते, ‘ह्यो तर आपल्याच रानातला दगड.’ ते शब्दशः खरे आहे. नांदूरघाटच्या मागचा बालाघाट आणि हरिहरेश्वरचा कडा एकाच खडकाचे. फरक लाटांनी केला. कड्याचा पायथा झिजवत लाटांनी त्याला मागे हटवले आणि पुढे सपाट फरशीसारखा तरंगघर्षित मंच उरला. खडकांच्या भिंतींत मीठ साचून त्याच्या स्फटिकांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडली आहेत. तिरप्या उजेडात ती फार सुरेख दिसतात. काळभैरव मंदिरामागून प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या पायऱ्यांनी या मंचावर उतरते. ओहोटीला तो मोकळा असतो, भरतीला पाण्याखाली जातो. या वाटेवर लाटेने माणसे ओढून नेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वेळोवेळी आल्या आहेत. पाण्याकडे पाठ करून छायाचित्रासाठी उभे राहणे हे तेथे सर्वांत धोक्याचे.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा तीनने गुणावा, चारने भागावा. आला तो भरतीचा तास. अष्टमीला सहा येतात, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे बरोबर सूर्यास्ताच्या सुमारास, ओहोटी. तीही उधाणाची, पाणी सर्वांत खोल मागे हटलेले. अष्टमीच्या संध्याकाळी खाली उतरायचेच नाही आणि पौर्णिमेला सारा मंच उघडा, असा याचा अर्थ. मात्र हा हिशेब मुंबईला बराचसा जुळतो. दक्षिणेकडे भरती त्याहून थोडी आधी येते. म्हणजे पौर्णिमेला हरिहरेश्वरी सूर्य मावळतो तेव्हा ओहोटी संपून पाणी परत फिरलेले असू शकते. उजेड कमी होत असताना पाणी वाढत जाणे, हा संयोग वाईट. म्हणून मी पौर्णिमा वा अमावास्येनंतरची प्रतिपदा किंवा द्वितीया निवडतो. भरती दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे या दोन दिवशी आपण काम करत असताना पाणी अजून हटतच असते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, आणि स्थानिक कोळ्याला विचारणे कोष्टकाइतकेच विश्वासाचे.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या बामणघळीचे गणित याच्या उलटे. तेथे खडकातल्या अरुंद चिरेत पाणी घुसून कारंजासारखे उसळते, पण भरतीलाच. मोठे उधाण बाराच्या सुमारास येते आणि सूर्यास्ताच्या भरतीला, ती अष्टमीच्या भांगाची असल्याने, पाण्यात तेवढा जोर नसतो. उसळते पाणी आणि मावळता सूर्य दोन्ही एकत्र हवे असतील तर मध्येच कोठेतरी, दशमी-एकादशीच्या आसपास, तडजोड करावी लागते.

खडकावर गेल्यावर लगेच कॅमेरा काढू नये. पंधरा-वीस मिनिटे वरून नुसते पाहावे, सर्वांत मोठी लाट कोठवर येते ते ध्यानात घ्यावे. जेथे कालवे चिकटलेली दिसतात तेथवर पाणी रोज येते. हिरवट-काळा, ओला खडक म्हणजे शेवाळ. तेथे उत्तम बूटही घसरतात. परतीची वाट उजेडात पाहून ठेवावी, विजेरी गळ्यात असावी, आणि सोबतच्या एकाचे काम फक्त पाण्याकडे पाहण्याचे.

मागून करायच्या संस्कारांबद्दल एवढेच, की २०१५ साली छायाचित्र-संपादनात ‘डीहेझ’ नावाची सोय आली आणि एका बोटाने धूसरता काढून टाकता येऊ लागली. ती सोय हात राखून वापरावी. थरांवर थर उभे करणारा पडदाच ओढून काढला तर डोंगर कापलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात, आणि सूर्याभोवती काळपट कडे उमटते.

त्या पहिल्या फजितीनंतर मी फोनवर मामांना हे भरती-ओहोटीचे गणित सांगत होतो. शेतकरी माणूस, पंचांग भिंतीवर टांगलेले. सारे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, ‘आपण गेलो तवा तिथी कोणती होती?’ मला सांगता येईना. त्यांनी सांगितली: सप्तमी. सूर्यास्ताला भरतीचे पाणी अजून पुरते उतरलेले नव्हते, म्हणूनच आम्हाला पायऱ्यांवरून परत फिरवले गेले होते आणि आम्ही गर्दीतल्या एकाच जागी तासभर उभे होतो.

पुढच्या खेपेचा दिवस त्यांनीच काढला, पौष वद्य द्वितीया. सूर्य याही वेळी क्षितिजाला टेकण्याआधीच विरला. आम्ही पाठ फिरवली नाही. पावणेसातच्या सुमारास, मंचावरच्या ओल्या फरशीवर केशरी उजेड उरला असताना, दक्षिणेकडचे डोंगर चार थरांत उभे राहिले. ते छायाचित्र आज नांदूरघाटच्या घरात ओसरीवर आहे. त्यात सूर्य नाही. येणारेजाणारे विचारतात, हा कोणता घाट? मामा आधी त्यांना पाणी दाखवतात.